थिबा पॉइंटवरून ब्रह्मदेश दिसत नाही

रत्नागिरीत पाहुणे आले की त्यांना कुठं न्यायचं हे ठरलेलं असतं. सकाळी रत्नदुर्ग, मग पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, दुपारी मासे खाऊन अंमळ आडवं व्हायचं आणि ऊन उतरलं की थिबा पॉइंट. टेकडीच्या कडेला उभं राहिलं की खाली काजळी नदीची खाडी दिसते. खाडीवर भाट्याचा पूल, पलीकडे भाट्याची पुळण आणि सुरूचं बन, अलीकडच्या काठाला राजिवड्याची दाटीवाटीची घरं, मशीद, ओळीनं लागलेल्या होड्या. आणि या सगळ्याच्या पुढे, डोळा पोचेल तिथपर्यंत, अरबी समुद्र. सूर्य बुडायला लागला की कठड्याशी जागा मिळत नाही.

अशा वेळी गर्दीतलं कुणीतरी हमखास सांगतं, की ब्रह्मदेशचा थिबा राजा रोज संध्याकाळी इथं यायचा आणि आपल्या देशाकडे बघत रडायचा. ऐकणारे क्षणभर गप्प होतात. मग फोटो काढतात.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतो आहे. ती ऐकायला बरी वाटते, पण तिच्यात एक साधी अडचण आहे. पॉइंटवरून जो समुद्र दिसतो तो पश्चिमेला आहे. त्याच्या पलीकडे अरबस्तान आहे, आफ्रिका आहे. ब्रह्मदेश आहे तो पाठीमागे, पूर्वेला. शाळेतला नकाशा काढून बघा. रत्नागिरी आणि रंगून जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, सतराव्या. सूर्यास्ताकडे पाठ करून नाकासमोर निघालात तर सह्याद्री ओलांडून सांगली, विजापूर करत आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याच्या आसपास पोचाल. तिथून बंगालचा उपसागर ओलांडला की रंगून. रंगूनला उगवलेला सूर्य साधारण दीड तासानं रत्नागिरीला उगवतो. म्हणजे राजाला आपल्या देशाच्या दिशेला बघायचंच असतं, तर त्यानं संध्याकाळी नव्हे, पहाटे उठून समुद्राकडे पाठ करायला हवी होती.

हे मी कुणाची गोष्ट खोटी पाडायला सांगत नाही. गोष्टी सांगूनच मी पोट भरलं नसलं तरी मन भरलं आहे. पण या एका गोष्टीनं थिबाच्या बाबतीत आपली फार सोय करून ठेवली आहे असं मला वाटतं. राजा रडला, समुद्रानं ऐकलं, विषय संपला. खरं काय घडलं ते इतकं देखणं नाही, आणि त्यात आपला म्हणजे या मराठी मुलखाचाही थोडा हात लागलेला आहे.

थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला, तेव्हा तो विशीही न ओलांडलेला पोरगा होता. बौद्ध मठात शिकलेला, परीक्षा पास झालेला. त्याचा बाप मिंडॉन हा मोठा राजा. त्याच्या पुष्कळ राण्या आणि त्याहून पुष्कळ मुलं. त्यातून थिबाच पुढे आला तो राणी सुपयालत आणि तिच्या आईच्या डावपेचांमुळे. १८७९ मध्ये राजवाड्यात कित्येक राजपुत्रांची आणि नातेवाइकांची कत्तल झाली. ती थिबानं घडवली की त्याच्या नावानं घडवली गेली यावर वाद घालता येतो, पण राजा तोच होता. त्याला संत करण्याचं कारण नाही. इंग्रजांनी मात्र या कत्तलीचा उपयोग जगाला सांगण्यासाठी केला. प्रत्यक्ष लढाई लागली ती लाकडावरून.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मुंबईत १८६३ मध्ये निघालेली. ब्रह्मदेशच्या जंगलातलं सागवान तोडून नदीतून खाली आणायचं आणि विकायचं, हा तिचा धंदा. राजाच्या दरबारानं आरोप केला की कंपनी जेवढे ओंडके नेते तेवढे दाखवत नाही. आणि १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. इंग्रज सरकारला एवढं निमित्त पुरे होतं. फ्रेंच लोक मंडालेत पाय रोवू पाहत आहेत ही धास्ती होतीच. नोव्हेंबरात फौज इरावती नदीतून वर गेली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा शरण आला. राजाराणीला बैलगाडीत बसवून धक्क्यावर नेलं. ज्या आगबोटीवर चढवलं तिचं नाव ‘थुरिया’. हा ब्रह्मी शब्द पालीतून आलेला, आपलाच ‘सूर्य’. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. त्या दिवशी थिबा सत्तावीस वर्षांचा झाला होता.

आधी त्याला मद्रासला ठेवलं. तिथं राणीला तिसरी मुलगी झाली. मग एप्रिल १८८६ मध्ये सगळ्यांना बोटीनं रत्नागिरीला आणलं.

रत्नागिरीच का, याचं उत्तर त्या काळच्या रत्नागिरीकराला विचारायला हवं. रेल्वे नाही. घाट चढून जायचं तर बैलगाडीनं दिवसच्या दिवस. खरी वाट एकच, दर्याची. आणि तीही जूनपासून बंद, कारण पावसाळ्यात आगबोटी बंद होत. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं वर्षाचे दोन भाग सांगायची, बोट चालू आणि बोट बंद. आमच्या जिल्ह्याला रेल्वे यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. आपण ज्याला मागासलेपण म्हणून कपाळाला हात लावत होतो, तेच सरकारला तुरुंगाच्या भिंतीसारखं उपयोगी पडलं. पुढे सावरकरांना १९२४ ते १९३७ इथंच स्थानबद्ध करून ठेवलं, तेव्हाही हिशेब काही फार वेगळा नसणार.

तीस वर्षं आठ महिने. थिबा रत्नागिरीत एवढा काळ राहिला. गादीवर बसला होता तो जेमतेम सात वर्षं. त्याचं आयुष्य मोजायचं झालं तर तो ब्रह्मदेशचा राजा कमी आणि रत्नागिरीचा रहिवासी जास्त होता. पण रहिवासी तरी कसा? परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही, दारावर पहारा, देखरेखीला पोलीस अधिकारी, कोण आलं कोण गेलं याच्या नोंदी. चौथी मुलगी १८८७ मध्ये इथंच झाली. चारही मुली बंगल्याच्या आवारात वाढल्या.

आता त्या रडण्याकडे येऊ. राजा रडला असेल की नाही ते मला सांगता येणार नाही, पण तो लिहीत होता एवढं नक्की. तीस वर्षं अर्ज लिहीत होता. पेन्शन पुरत नाही म्हणून अर्ज. कर्ज झालं म्हणून अर्ज. मुलींची लग्नं करायची आहेत, त्यांना राजघराण्यातली स्थळं मिळावीत म्हणून अर्ज. येताना आणलेले हिरेमाणकं गावातल्या सावकारांकडे जात राहिली, आणि ज्या भावानं गेली तो भाव सांगायला नको. एक मोठं माणिक होतं, ‘न्गा मौक’ नावाचं, ब्रह्मी राजांच्या अभिमानाचं. मंडाले पडली त्या गडबडीत ते कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेलं आणि परत मिळालं नाही, असं राजाचं म्हणणं. ते त्यानं अखेरपर्यंत सोडलं नाही. माणिक शेवटपर्यंत सापडलं नाही.

मी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेला माणूस आहे. अर्जाला उत्तर न येणं म्हणजे काय, हे मला कळतं. उत्तर येतं आणि त्यात ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं असतं, ते त्याहून वाईट. डोंगरावर उभं राहून समुद्राकडे बघणारा राजा चित्रात छान दिसतो. टेबलाशी बसून ‘पुन्हा एकदा नम्रपणे निवेदन’ लिहिणारा राजा कुणी रंगवत नाही.

अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २००० मध्ये आलेल्या कादंबरीत थिबा दुर्बिणीतून समुद्रावरची गलबतं बघत असतो आणि गावकऱ्यांना त्याचा आधार वाटतो, असं आहे. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. ती वाचून आलेले पाहुणे मात्र दुर्बीण कुठं ठेवली आहे म्हणून विचारतात. इतिहास हवा असेल त्यांनी सुधा शाह यांचं २०१२ मधलं ‘द किंग इन एक्झाइल’ वाचावं. त्यात कागदपत्रं आहेत आणि माणसंही आहेत.

पॉइंटपासून जवळच थिबा पॅलेस आहे. आपल्याकडे लोक समजतात की राजा आला आणि या वाड्यात राहिला. तो चोवीस वर्षं दुसऱ्याच बंगल्यांमध्ये राहिला. वाडा बांधून झाला १९१० मध्ये. नोव्हेंबरात मंडळी राहायला गेली. जांभ्याच्या लाल भिंती, उतरती छपरं, लाकडावरचं कोरीव काम, खिडक्यांना रंगीत काचा. राजा तिथं जेमतेम सहा वर्षं जगला. पुढे त्या वाड्यात सरकारी कामं चालली, वर्गही भरले. आता तिथं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे.

त्या नोव्हेंबर १९१० वर मी जरा थांबणार आहे. कारण त्याच महिन्यात तिकडे मंडालेत काय चाललं होतं ते आपल्यातल्या प्रत्येकानं शाळेत वाचलं आहे, फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितलेल्या नाहीत. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, या रत्नागिरी शहरातला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारनं त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. हा तुरुंग कुठं होता? मंडालेच्या किल्ल्यात. म्हणजे थिबाच्या राजधानीच्या तटबंदीच्या आत, ज्या तटातून त्याला बैलगाडीत बसवून बाहेर काढलं होतं. इंग्रजांनी त्या किल्ल्याचं नाव बदलून व्हाइसरॉय डफरिन यांचं नाव दिलं होतं.

१९१० च्या नोव्हेंबरात टिळकांनी त्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहायला घेतलं आणि पुढच्या मार्चअखेर संपवलं. त्याच नोव्हेंबरात मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी नव्या वाड्यात सामान लावत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या किल्ल्यात कैद, मंडालेचा माणूस रत्नागिरीच्या टेकडीवर कैद. सरकारनं जणू दोन कुलपांच्या किल्ल्या अदलाबदल करून ठेवल्या होत्या. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या, आणि टिळकांना ती बातमी मंडालेत कळली. त्याच वर्षी थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत गेली. तिचं दफन करायला राजघराण्याची तयारी नव्हती. परत जाऊ तेव्हा बरोबर नेऊ, अशी आशा होती.

टिळक १९१४ मध्ये सुटले. थिबाला सुटका नव्हती, कारण त्याला शिक्षाच झाली नव्हती. शिक्षा झालेल्याला तारीख असते.

राजा गेला डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. हे वय आता मलाही जवळचं झालं आहे, म्हणून आकडा टोचतो. राणीचा हट्ट होता की राजाला मंडालेला न्यायचं. सरकारला भीती होती की तिकडे कबर झाली तर गर्दी होईल, आणि गर्दीतून काहीही होईल. सव्वादोन वर्षं शव तसंच राहिलं. अखेर मार्च १९१९ मध्ये इथंच, आज शिवाजीनगर म्हणतात त्या भागात, राजा आणि धाकटी राणी यांना समाधीत ठेवून ती बंद केली. पुढच्याच महिन्यात राणी मुलींसह ब्रह्मदेशला गेली. मंडालेला नव्हे, रंगूनला. ती १९२५ मध्ये वारली, तेव्हा तिलाही मंडालेत जागा मिळाली नाही. तिची समाधी रंगूनमध्ये, श्वेडॅगॉन पॅगोड्याजवळ आहे.

त्याच पॅगोड्याच्या परिसरात दिल्लीचा शेवटचा बादशहा आहे. बहादूरशहा जफर. १८५७ नंतर त्याला बैलगाडीतूनच दिल्लीबाहेर काढलं, डिसेंबर १८५८ मध्ये रंगूनला पोचवलं. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो वारला आणि त्याच दिवशी घाईघाईनं पुरून जमीन सारखी करून टाकली, म्हणजे खूण राहायला नको. १९९१ मध्ये तिथं खोदकाम करताना मूळ कबर सापडली. जफर कवी होता. आमच्या घरात उर्दू शिकलेली जी दोन-तीन माणसं होती त्यांना त्याचे शेर पाठ असत आणि ते म्हणताना आवाज खाली जाई. मी मराठीत लिहायला लागलो, पण त्या खाली गेलेल्या आवाजाचं ऋण माझ्यावर आहे. रंगून हा शब्द आमच्या घरात आणखी एका कारणानं खालच्या आवाजात निघायचा. माझं आजोळ राजिवड्याचं. नानीचा एक भाऊ रंगूनच्या बोटीवर खलाशी होता. तो तिकडे राहिला की वाटेत गेला, कुणाला कळलं नाही. पुढे घरात कुणी उशिरापर्यंत परत आलं नाही की नानी म्हणायची, रंगूनला गेला वाटतं. राजिवड्याच्या काठावर उभं राहिलं की वर टेकडी दिसते. नानी लहान असताना त्या टेकडीवर राजा होता, आणि त्याचं वैर किंवा दुःख तिच्या खिजगणतीत नव्हतं. राजाच्या मुली पायात काही न घालता बागेत फिरतात, एवढंच तिला नवल वाटलेलं होतं. खरं-खोटं अल्लाला माहीत.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे त्या वेळचे अध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले. २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिथले उपाध्यक्ष आले, लष्करप्रमुख मिन आंग लाइंग आले, भिक्षू आले, राजाचे वंशज आले. रत्नागिरीनं एवढे लाल दिवे क्वचित पाहिले असतील. याच लष्करप्रमुखांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाची सत्ता ताब्यात घेतली आणि निवडून आलेल्या नेत्यांना कैद केलं. कैदेत मेलेल्या राजापुढे हात जोडताना माणूस काय विचार करत असतो, हे मला त्या बातमीपासून कोडं आहे.

या सगळ्या मानमरातबात जिची आठवण सगळ्यात कमी निघते ती राजाची थोरली मुलगी. मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेली. रत्नागिरीला आली तेव्हा पाच-सहा वर्षांची. लग्न जमवायचं तर राजघराण्यातलाच मुलगा हवा, आणि तसा मुलगा इथं कुठून येणार? वर्षं गेली. पहाऱ्यावर गोपाळ सावंत नावाचा माणूस होता, घरी बायको असलेला. त्याच्यापासून तिला मुलगी झाली, टूटू. वाड्यात काय वादळ झालं असेल त्याची कल्पना करावी. सरकारी अधिकाऱ्यांनाही ते प्रकरण वर कसं कळवावं हा पेच पडला. १९१९ मध्ये आई आणि बहिणींबरोबर थोरलीही ब्रह्मदेशला गेली. गेली ती खरी, पण तिथं राहिली नाही. लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली.

ज्या गावाला तिचा बाप तीस वर्षं तुरुंग समजत होता, त्या गावात ती आपल्या पायानं परत आली. इथंच हलाखीत दिवस काढले आणि १९४७ मध्ये इथंच मेली. सुटका झालेल्या माणसानं स्वखुशीनं माघारी यावं याला काय म्हणायचं, ते तिचं तिनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. सावंतासाठी आली असेल. मुलीला तिकडे कुणी आपलं म्हणणार नाही हे दिसलं असेल. किंवा पाच वर्षांची असल्यापासून जो समुद्र बघितला तोच तिला समुद्र वाटत असेल. बापाच्या गोष्टीत ब्रह्मदेश पाठीमागे होता. तिला तो पाठीमागेच बरा वाटला असावा, असं मी समजतो, आणि ही माझी समजूत आहे, कागदपत्रांची नव्हे.

टूटूचं लग्न इथल्याच एका मराठी गृहस्थाशी झालं. मुलंबाळं झाली. पैसा नव्हता. शेणी थापून विकल्या, कागदाची फुलं करून विकली. मिंडॉन राजाची ती पणती. तिच्या तोंडी मराठी होती, रत्नागिरीत बाजाराला येणाऱ्या कुठल्याही बाईसारखी, आणि ब्रह्मी भाषा तिला येत नव्हती. लोक तिला बायसू म्हणत. ती २००० साली वारली, नव्वदी ओलांडून. म्हणजे माझ्या वयाच्या कितीतरी रत्नागिरीकरांनी तिला पाहिलं असणार, आणि ती कोण हे न कळता बाजूनं निघूनही गेले असणार.

थिबा पॉइंटला राजाचं नाव आहे. बायसूचं नाव कुठल्या रस्त्याला किंवा चौकाला दिलेलं मला अजून दिसलं नाही. पाहुण्यांना पॉइंटवर नेतो तेव्हा सूर्य बुडेपर्यंत मी काही बोलत नाही. मग त्यांना शिवाजीनगरला समाधीकडे नेतो, आणि वाटेत गाडीत तिची गोष्ट सांगतो. बहुतेक जण विचारतात, ती दिसायला कशी होती? फोटो आहेत. नऊवारी लुगडं, केस मागे बांधलेले, चेहरा सरळ ब्रह्मदेशचा.